न्हाणीघरातील गुणगुण

धुरावरून अग्नीचे अनुमान करावे, असे नैयायिक सांगतात. परंतु विजेच्या अग्नीची वर्दी पुष्कळदा धुराच्या आधी आवाजाने मिळते. सॉकेटमधून येणारी बारीक गुणगुण ही अशीच वर्दी होय. ती न्हाणीघरातून येत असेल, तर तिचा विचार उद्यावर टाकू नये, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही गुणगुण आपल्या घरांतून दुर्लक्षिली जाते, याचे एक कारण जुने आहे. पूर्वी पहाटे तांब्याचा बंब पेटे. पाणी उकळीस येऊ लागले की बंब गुणगुणू लागे आणि ‘पाणी तापले’ हे सर्व घराला न सांगता कळे. तो आवाज सुखाचा होता. पुढे बंब अडगळीत गेला व गीझर आला. वडीलधाऱ्यांचे कान मात्र जुनेच राहिले.

गेल्या माघात नांदेडास आमच्या घरी हाच प्रकार घडला. गीझर चालू केला की भिंतीकडून मंद घूं घूं ऐकू येई. वहिनी म्हणत, “पाणी तापते आहे, दुसरे काय असावयाचे?” त्यांच्या सूनबाईंनी मात्र लक्ष देऊन ऐकले व त्या म्हणाल्या, “सासूबाई, हा आवाज गीझरचा नव्हे, सॉकेटचा आहे. त्याचा पांढरा रंगही पिवळा पडला आहे. शाळेसाठी मुले सर्वांआधी येथेच अंघोळीस येतात.” या शेवटच्या वाक्यानंतर कोणी वाद घातला नाही.

गच्चीवरील टाकीत पाणी चढविणाऱ्या मोटारीमुळेही नळ व भिंत घुमते; म्हणून प्रथम मोटार बंद केली. आवाज कायम राहिला. मग कोरड्या हाताने गीझरचे बटण बंद केले, तो आवाज थांबला. गीझरचा भार पडला म्हणजेच सॉकेट बोलते, हे सिद्ध झाले. मेन स्विच बंद करून वायरमनास बोलाविले. सॉकेट उघडून पाहण्याचा मोह कोणासही होऊ दिला नाही.

उघडल्यावर कारण दिसले. गीझर २००० वॅटचा. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढतो. सॉकेट मात्र ६ अँपिअरचे, आणि त्यात गीझरचा जाड प्लग जोडणीचा तुकडा लावून बसविलेला. आतील स्क्रू सैल होऊन तारेचे आवरण काळवंडले होते. आपल्याकडील प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात त्याचा जोर दोनदा वाढतो व दोनदा ओसरतो. त्यामुळे सैल सांधा सेकंदास १०० वेळा थरथरतो अथवा तेथे सूक्ष्म ठिणग्या उडतात. हीच ती गुणगुण. सांधा जितका सैल, तितका तो तापतो; जितका तापतो, तितका अधिक सैल होतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज उडाला नाही किंवा एमसीबी पडली नाही, म्हणून सर्व कुशल आहे असे समजू नये. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच ती साधने तो तोडतात. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही. वाढते ती केवळ उष्णता. तेव्हा तेथे मनुष्याचा कान हाच पहिला पहारेकरी.

आमच्याकडे पाण्याचे शिंतोडे पोहोचणार नाहीत अशा जागी १६ अँपिअरचे सॉकेट बसविले, त्यास बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची तार दिली, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी लावले. मात्र याबरोबर अर्थिंगही पाहावे लागते. आपल्या मराठवाड्याची काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीशी मातीचा संबंध विरळ होतो. लातुरास माझ्या धाकट्या बहिणीचे घर आहे. २०१६ च्या एप्रिलात त्या शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अर्थिंगच्या खड्ड्यास पाणी कोण घालणार? त्या दिवसांत तिच्या न्हाणीघरातील नळास हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या. गीझरची दुरुस्ती तर झालीच. शिवाय भांडी विसळलेले पाणी त्या खड्ड्यात ओतण्याचा नेम तिने धरला, तो आजही चालू आहे.

एकत्र कुटुंबात जो आवाज सर्वांच्या कानी पडतो, तो पाहण्याचे काम पुष्कळदा कोणाचेच नसते. यावर उपाय सोपा आहे. मेन स्विच कोठे आहे, हे घरातील लहानथोर सर्वांस दाखवून ठेवावे, आणि ज्याला अशी गुणगुण प्रथम ऐकू येईल त्याने कोणाची परवानगी न घेता तो बंद करावा. एक दिवस गार पाण्याने स्नान घडले, तर त्यात पुण्यच आहे.