५५ जिंकले, ६० हरले

५५ विजय, ६० पराभव. आमच्या ऑफिसात अप्रेझलला असे आकडे घेऊन गेलं तर मॅनेजर चहासुद्धा विचारणार नाही! पण हे आकडे आहेत जेम्स नाइस्मिथचे. होय, ज्याने १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला पीचच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल शोधलं, तोच. १८९८ ते १९०७ तो कॅन्सस विद्यापीठाचा कोच होता. आणि गंमत बघा, जिंकल्यापेक्षा जास्त सामने हरलेला त्या विद्यापीठाचा तो एकमेव कोच.

मूळचा कॅनडाचा. लहानपणीच आई-वडील गेले. मॅकगिलमध्ये शिकताना रग्बी, फुटबॉल, लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स... जे दिसेल ते खेळला. नंतर धर्मशास्त्र शिकला, मग डॉक्टरही झाला. आणि इतकं करून नोकरी कुठली, तर पी.टी.च्या सरांची!

आता खरी गोष्ट. त्याच्या हाताखाली खेळलेला फॉग ॲलन पुढे त्याच कॅन्ससचा नावाजलेला कोच झाला. ॲलनच्या टीममधला ॲडॉल्फ रप केंटकीला गेला आणि ८७६ सामने जिंकला. आणि जॉन मॅक्लेंडन! कृष्णवर्णीय म्हणून त्याला कॅन्ससच्या टीममधून खेळायला बंदी होती. नाइस्मिथने त्याला कोचिंग शिकवलं. त्याच मॅक्लेंडनच्या टीमने १९५७, ५८, ५९ अशी सलग तीन वर्षं एन.ए.आय.ए. ही कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा मारली. हे कुणाच्या खात्यात टाकायचं? ५५-६० मध्ये तर कुठंच दिसत नाही.

हे सगळं वाचायचं कारण म्हणजे चिखलीचा माझा मामेभाऊ. बास्केटबॉल, खो-खो, लांब उडी, सगळ्यात पुढे. त्याला अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षण घ्यायचंय, कोच व्हायचंय. मामा म्हणतात, "शिट्ट्या फुंकून पोट भरते काय?" घरातला इंजिनिअर म्हणून त्याला समजवायचं काम माझ्याकडे आलंय.

मामांचा प्रश्न खोटा नाही. कायम नोकरी लागेपर्यंत मानधनावर किती वर्षं काढायची, हे आपल्या भागात कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मी दोघांनाही एकच सांगणार आहे. पदवी पक्की कर, नुसत्या मेडलच्या भरवशावर राहू नको. नाइस्मिथचाही पगार शिकवण्याचाच होता. पण जायचं तर जा बुवा. आवडत नसलेल्या ब्रँचला चार वर्षं बसलेली पोरं मी होस्टेलवर पाहिलीत.

आणि अमरावती म्हणजे काही आडवळणाचं गाव नाही. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांची टीम बर्लिनला गेली आणि कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवून आली. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकच्या पदकांसाठी खेळलं गेलं. फायनल उघड्यावर, पावसात, चिखलात! अमेरिका १९, कॅनडा ८. चेंडू टप्पाच घेईना. आणि पदकं द्यायला हजर होता ७४ वर्षांचा नाइस्मिथ.

आपल्या वऱ्हाडातली पोरं आणि हा म्हातारा एकाच शहरात... भेटले असतील का हो?