जुन्या पडद्याचा साज

संगणक सुरू झाल्यावर, कोणतेही काम हाती घेण्याआधी जो मोकळा पडदा समोर येतो आणि ज्यावर फाइलींची व प्रोग्रॅमची छोटी चित्रे, म्हणजे आयकॉन, मांडलेली असतात, त्याला डेस्कटॉप म्हणतात. लेखन, हिशेब, चित्रकाम हे सारे त्यावर उघडणाऱ्या खिडक्यांमध्ये चालते आणि डेस्कटॉप स्वतः काहीच करीत नाही. तरीही त्याचा रंग कोणता असावा, त्यावर कोणते चित्र असावे, खिडकीच्या माथ्यावरची पट्टी निळी असावी की हिरवी, यांत माणसे जेवढा जीव ओततात तेवढा यंत्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागात ओतत नाहीत. नव्या यंत्राला स्मृतीची आणि वेगाची ददात नसल्यामुळे तेथे ही सजावट हां हां म्हणता उरकते. जुन्या संगणकावर मात्र प्रत्येक रंगाची आणि प्रत्येक चित्राची किंमत मोजावी लागते, आणि म्हणूनच सजावटीची खरी कला तेथेच पाहायला मिळते.

२४ जानेवारी १९८४ रोजी बाजारात आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा आडवा ५१२ आणि उभा ३४२ ठिपक्यांचा होता. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. त्यांतला प्रत्येक एकतर काळा असे किंवा पांढरा, मधली छटा नव्हती. एका ठिपक्याला एक बिट या हिशेबाने सबंध पडदा स्मृतीतील २१,८८८ बाइट व्यापत असे, आणि यंत्राची एकूण स्मृती १२८ किलोबाइट असल्यामुळे तिचा सहावा हिस्सा केवळ पडदा दिसण्यातच खर्च होई. पार्श्वभूमीसाठी तेवढेच आणखी एक चित्र कायम बाळगणे या यंत्राला परवडणारे नव्हते. त्यावर काढलेला तोडगा हा संगणकाच्या इतिहासातील अत्यंत देखण्या तोडग्यांपैकी एक मानावा लागेल: आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असा एकच चौकोन स्मृतीत ठेवायचा आणि, कापडावर लाकडी ठसा एकामागून एक उमटवावा तसा, तोच पडदाभर उमटवत न्यायचा. चौसष्ट ठिपक्यांचा हा नमुना अवघ्या आठ बाइटांत मावत असे. कंट्रोल पॅनल या साधनात तो चौकोन मोठा करून दाखवलेला असे. माउसने एकेका ठिपक्यावर टिचकी मारून तो काळा किंवा पांढरा करता येई, आणि शेजारच्या इवल्याशा पडद्यावर त्या नमुन्याचे एकत्रित रूप लगेच दिसे. एका ठिपक्याची जागा बदलली की सरळ विणीची तिरपी वीण होई, तिरप्याच्या विटा होत. या यंत्राचा नेहमीचा करडा पडदाही काळ्या आणि पांढऱ्या ठिपक्यांना आळीपाळीने मांडूनच साधलेला होता. करडा रंग पडद्यावर नव्हताच, तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होत असे. त्याच संगणकासाठी सुझन केअर यांनी काढलेले आयकॉन आजही रेखाटनाचे आदर्श म्हणून अभ्यासले जातात, आणि त्यांची सुरुवात चौकटीच्या वहीतील एकेक घर भरण्यापासून झाली होती.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ३.१ मध्ये, म्हणजे १९९२ साली, नमुन्यांच्या जोडीला रंगांच्या तयार जुळण्याही होत्या. त्यांपैकी ‘हॉट डॉग स्टँड’ ही लालभडक आणि पिवळ्याजर्द रंगांची जुळणी डोळ्यांना खुपणारी म्हणून कुप्रसिद्ध झाली. पण वापरणाऱ्याला भडक आवडण्याचाही हक्क आहे, हे तिने मान्य केले, ही तिची थोरवी नाकारता येत नाही. या हक्काला पूर्ण रूप मिळाले ते २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ मध्ये. मोकळ्या डेस्कटॉपवर माउसचे उजवे बटन दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडले की एक चौकट उघडे आणि तिच्या ‘अपिअरन्स’ या पानावर एक लहानसे नाटकी दृश्य मांडलेले दिसे: एक मागे पडलेली खिडकी, तिच्यापुढे एक चालू खिडकी, आणि सर्वांत पुढे ओके बटन असलेला निरोपाचा चौकोन. या दृश्यातील कोणत्याही भागावर टिचकी मारली की खाली त्या भागाचे नाव, त्याचा आकार, रंग, त्यातील अक्षरांचा फाँट आणि त्याची उंची हे सारे बदलण्यासाठी खुले होई. माथ्याच्या पट्टीची जाडी, सरकपट्टीची रुंदी, दोन आयकॉनमधले आडवे आणि उभे अंतर, मेनूतील अक्षरे, बटनांचा रंग, काहीही वर्ज्य नव्हते. बटनांसाठी एक रंग निवडला की त्यांच्या वरच्या कडेचा उजेड आणि खालच्या कडेची सावली संगणक स्वतःच त्या रंगावरून काढीत असे, त्यामुळे गुलाबी बटनही उठावदारच दिसे. ज्यांनी ही चौकट एकदा मन लावून चाळली, त्यांना पडदा हा अखंड ठोकळा नसून सुट्या, नाव असलेल्या भागांची जुळणी आहे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय कळले.

याच विंडोज ९५ चा मूळचा पडदा निळसर हिरवा होता. हा रंग लाल शून्य, हिरवा १२८ आणि निळा १२८ अशा प्रमाणाचा असून, सोळाच रंग दाखवणाऱ्या साध्यात साध्या पडद्याच्या मूळ सोळांपैकी तो एक आहे. त्यामुळे दोन रंगांचे ठिपके एकमेकांत मिसळून तिसऱ्याचा भास निर्माण करण्याची गरज त्याला पडत नसे आणि तो सर्वत्र सपाट व स्वच्छ दिसे.

चित्रांचे मात्र तसे नव्हते. त्या काळातील अनेक संगणक एका वेळी २५६ रंगच दाखवू शकत, आणि त्यांतले वीस विंडोजने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेले असत. उरलेल्या जागांवर पहिला अधिकार पुढे असलेल्या खिडकीचा. तिच्यात एखादे छायाचित्र उघडले की ते आपल्या रंगांनी त्या जागा भरून टाकी आणि मागच्या वॉलपेपरला, म्हणजे पडद्यावर पसरलेल्या चित्राला, मिळेल त्या जवळच्या रंगावर भागवावे लागे. मग मागचे आकाश जांभळट होई किंवा गवत तपकिरी पडे, आणि पुढची खिडकी बंद केली की ते पुन्हा ताळ्यावर येई. शिवाय ८०० बाय ६०० ठिपक्यांचे असे चित्र ४,८०,००० बाइट अडवून बसे. विंडोज ९५ चार मेगाबाइट स्मृतीवरही चालत असल्यामुळे ही रक्कम किरकोळ नव्हती. जाणकार मंडळी म्हणून लहानसा चौकोनी तुकडा निवडून तोच पडदाभर फरशीसारखा मांडत, आणि त्याच्या डाव्या कडेचा रंग उजव्या कडेशी असा जुळवत की सांधा कुठे आहे हे शोधूनही सापडू नये.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली आणि तिच्याबरोबर ‘लूना’ नावाचे गोलसर निळे रूप आले. लूनामध्ये निळा, ऑलिव्ह हिरवा आणि रुपेरी असे तीनच पर्याय होते. चार्ल्स ओ’रीअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात टिपलेली हिरवी टेकडी तिच्या पडद्यावरून जगभर पोहोचली. मात्र तिच्यात ‘विंडोज क्लासिक’ हे जुने चौकोनी रूपही कायम ठेवलेले होते, आणि १२८ मेगाबाइटच्या यंत्रावर लूना बंद करून, क्लासिक लावून, चित्राऐवजी एकच शांत रंग ठेवला की खिडक्या झटपट उघडू लागत. मराठी वाचकांसाठी या यंत्रातील सर्वांत मोलाची सजावट याहून वेगळी होती. प्रादेशिक भाषांच्या चौकटीत जटिल लिप्यांसमोर खूण करून विंडोजची सीडी घातली की फाइलींची नावे देवनागरीत, जोडाक्षरांसह नीट उमटू लागत, आणि ती उमटत ‘मंगल’ या फाँटमध्ये, जो सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या देखरेखीखाली घडला. अडचण एवढीच की आयकॉनखालच्या नावांची मूळ उंची आठ पॉइंट, म्हणजे पडद्यावर जेमतेम अकरा ठिपके. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, मध्ये अक्षर आणि खाली उकार असे तीन मजले त्याच अकरा ठिपक्यांत बसवावे लागतात, आणि ‘दृष्टी’ किंवा ‘कुटुंब’ वाचताना डोळा अडखळतो. अपिअरन्सच्या चौकटीत ‘आयकॉन’ हा भाग निवडून फाँट बारा पॉइंट केला आणि आयकॉनमधले अंतर थोडे वाढवले, की तेच नाव ठसठशीत दिसू लागते. रंगरंगोटीच्या पानावर केलेला हा बदल शोभेचा कमी आणि वाचनाचा अधिक आहे. या चौकटीची सर्वांत मोठी किमया तीच म्हणावी लागेल.

२०१२ साली आलेल्या विंडोज ८ मधून क्लासिक रूप काढून टाकण्यात आले आणि एकेक भाग निवडून बदलण्याची ती तपशीलवार चौकटही गेली. हे नुकसान आहे, आणि ते सुविधेच्या नावाखाली झाले म्हणून लहान ठरत नाही. मात्र मार्ग सर्वस्वी बंद झालेला नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीवर एक्सएफसीई, आइसडब्ल्यूएम आणि विंडो मेकर यांसारखी हलकी रूपे आजही मिळतात, थोड्या स्मृतीवर चालतात, आणि त्यांत खिडकीच्या पट्टीपासून आयकॉनच्या फाँटपर्यंत बरेच काही वापरणाऱ्याच्या हाती सोपवलेले असते. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्यामुळे ती असलेले यंत्र इंटरनेटला जोडू नये. पण लेखनासाठी, जुन्या फाइलींसाठी किंवा मुलांना पडद्याची रचना दाखवण्यासाठी त्याला घरात जागा द्यावी. असा संगणक माळ्यावर पडलेला असेल, तर तो भंगारात देण्याआधी वाचकांनी एकदा सुरू करावा, डेस्कटॉपवर उजवे बटन दाबून ती चौकट उघडावी, आणि निदान आयकॉनखालची मराठी नावे तरी वाचता येतील एवढी मोठी करावीत.