दोन पिवळी कार्डं

'आविष्कार'मध्ये माझ्या पोस्टरला बक्षीस मिळालं, तेव्हा प्रमाणपत्रावर नाव माझ्या एकटीचं होतं. ते तसंच असतं. राज्यपालांच्या पुढाकारातून २००६ पासून भरणाऱ्या या स्पर्धेत राज्यभरातल्या विद्यापीठांचे संशोधक उतरतात, त्यात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे आम्ही वैद्यकीयवालेही. पीएच.डी. करणाऱ्याची पाठ सहसा कुणी थोपटत नाही, तेव्हा त्या टाळ्यांना मी नाक मुरडणार नाही. पण देणी मांडायची तर सुरुवात गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशापासून करावी लागेल.

विषय सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भाला तो नवा नाही. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज यायला मात्र २०१६ उजाडलं.

तपासणीला माझा हात बसवला तो तिथल्या प्रयोगशाळेतल्या भाऊंनी. द्रावणाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पॉझिटिव्ह. "उजेडाकडे धरा मॅडम, घाई नका करू." यातून वाहक कोण आणि रुग्ण कोण ते ठरत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. म्हणून तो निकाल येईपर्यंत भाऊ 'पॉझिटिव्ह' हा शब्द लोकांसमोर काढूच देत नसत.

पोस्टर तयार झालं तेव्हा माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी गावात दाखव. मराठीत." नाशिकच्या परीक्षकांपेक्षा मला गावच्या ग्रामपंचायतीचीच धास्ती वाटली. एका आईनं विचारलं, "मग पोरगी कुठं द्यायची?" आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के, हे मी चार चौकटी काढून समजावत होते. गावच्या आशा सेविका ताईंनी मला थांबवलं. वाहकाचं कार्ड पिवळं, रुग्णाचं लाल, हे गावाला ठाऊकच होतं. "दोन पिवळे एका घरात नको, बाई. आन् पोरीचंच कार्ड काऊन पाहता? पोराचं बी मागा!"

सभेत हसू फुटलं. माझं हसू मात्र लगेच ओसरलं, कारण लग्न ठरताना मुलाची तपासणी होते का, हा प्रश्न माझ्या प्रबंधात कुठेच नव्हता. तपासणीला पुढे केली जाते ती मुलगी आणि लपवलं जातं तेही तिचंच कार्ड. सरांनी आराखडा पुन्हा नीतिशास्त्र समितीपुढे न्यायला लावला. परीक्षक सर्वांत जास्त रेंगाळले ते त्यातूनच निघालेल्या आलेखापाशी. लेखकांच्या यादीत ताईंचं नाव बसवायला नियम नाही. आभाराच्या पानावर त्या पहिल्या आहेत, सरांच्याही आधी. सरांनीच तसं सुचवलं.

प्रमाणपत्र दाखवायला गेले, तर ताईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"पैसे किती भेटले?"

मी आकडा सांगितला.

"बरं झालं. आता त्या देवरीच्या पोराचा रिपोर्ट कधी येते, ते सांगा."