दोन लिटरची श्रीमंती

आज पहाटे धार काढली. तांब्या जेमतेम निम्मा भरला, तरी मन भरून आलं.

गेल्या वर्षी गाय घ्यायची ठरली तेव्हा सगळे म्हणाले, संकरित घे, बादली भरून दूध देईल. आमच्याकडे ती होतीही एकदा. कोकणातला पाऊस, दमट गोठा, गोचीड. दर महिन्याला डॉक्टर. कासदाहाने तिचे दोन सड गेले आणि आईने आठवडाभर धड जेवण केलं नाही.

म्हणून या वेळी कोकण कपिला आणली. अंगाने लहान, खूर टणक. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. गोव्याच्या पांढऱ्या श्वेतकपिलेचीही. पण नुसत्या नोंदीने जात टिकत नाही, ती दावणीला टिकते.

काल आमची कपिला सड्यावर चरत होती. जांभ्याच्या कातळावर, भेगांतलं गवत जिभेने अलगद ओढत. पाऊस आला, तरी मान खालीच. मग घाटी उतरून आपणहून वाड्यात आली. पाठीवरून हात फिरवला तर कातडी थरथरली, ओली, ऊबदार.

दीड एकराला केवढी गाय हवी? पेंढा पुरेल, शेण भाताला मिळेल, नातवंडांना दूध मिळेल, एवढी. दूध विकून घर चालवायचं असतं तर हिशेब वेगळा असता. आम्हाला हिच्याबरोबर राहायचं आहे.

श्रावणात ती विणार आहे. कालवड झाली तर ती विकणार नाही.