अंगठ्याखालचे अँपिअर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या शेडमध्ये मी आर्गन वेल्डिंग शिकलो, तिथे टॉर्च वेल्डरच्या हातात असायची आणि मशीनच्या नॉबवर एका पोराचा हात. हेल्मेटच्या आतून ‘वाढव’ असा आवाज आला की पोरानं नॉब उजवीकडे न्यायचा, ‘बास, उतर’ म्हटलं की डावीकडे. नव्वदच्या दशकात आमच्यासारख्या छोट्या शेडमध्ये चालू कामात करंट बदलायचा तो असाच. नॉबवरचा तो पोरगा मी. लहानपणी पोलिओ झालेला, उजव्या पायाला कॅलिपर. स्टुलावर बसून होणारं काम म्हणून ते माझ्या वाट्याला आलं होतं. त्याच्या पुढे मी कधी जाईन, असं टॉर्च धरणारे मिस्त्री सोडून शेडमध्ये कुणाला वाटत नव्हतं. मलाही नाही.

मिस्त्रींचं नाव लिहीत नाही. छापील कागदावर नाव आलं की माणूस एकतर पुढारी झालेला असतो नाहीतर पोलिसांना हवा असतो, असं त्यांचं मत होतं. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. उद्यमनगरात म्हादबा मिस्त्रींची गोष्ट न ऐकता कुणी मोठं होत नाही. पुस्तकाशिवाय इंजिन उभं करणाऱ्या माणसांची ती परंपरा. आमचे मिस्त्री त्याच मातीतले, फक्त इंजिनाऐवजी त्यांनी स्टेनलेस स्टील धरलं होतं.

आमच्या भागात दूध मोठं, त्यामुळे डेअरीच्या पाइपलाइनचं काम कायम असायचं. ३०४ ग्रेडचा दोन इंची पाइप, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. एवढ्या जाडीला पन्नास-साठ अँपिअर पुरतात, पण पुरतात ते सुरुवातीला. सांधा अर्ध्यावर आला की पुढचा पाइप आधीच तापलेला असतो आणि सुरुवातीला बरोबर वाटलेला करंट तिथे भोक पाडतो. म्हणून पुढे सरकेल तसा करंट उतरवत न्यावा लागतो. शेवटी आर्क एकदम तोडला तर वितळलेल्या धातूच्या मधोमध खड्डा राहतो आणि त्यात बारीक तडा जाऊ शकतो. पाइपच्या आतही आर्गन भरावा लागतो. तो नसला तर आतल्या अंगाला काळी खरबरीत खपली धरते, तिच्यात दूध अडकतं, आणि धुऊनही न निघालेलं दूध म्हणजे जंतूंचं घर. असा सांधा डेअरीवाले सरळ कापायला लावतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

हे सगळं मी नॉबवर बसून शिकलो. खरं तर नॉबवरच्या पोराला वेल्डरपेक्षा एक गोष्ट जास्त कळते: आर्कचा आवाज. मिस्त्री ‘उतर’ म्हणायच्या आत माझा हात उतरायला लागलेला असे. एकदा त्यांनी हेल्मेट वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तुला दिसतंय कसं रं तिथनं?’ मी म्हटलं, ‘दिसत न्हाई, आवाज बदलतोय.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत टॉर्च धरायला दिली.

त्याच सुमाराला मालकांनी कुठल्याशा लिलावातून परदेशी बनावटीचं एक जुनं मशीन आणलं. त्याच्यासोबत फूट पेडल होतं. पाय दाबला की करंट चढणार, सैल सोडला की उतरणार. शेडमधले सगळे खूश, कारण आता नॉबवर पोरगा नको. माझ्या पोटात गोळा आला. बसून काम असतं तर पेडल डाव्या पायानं चालवलं असतं, पण पाइपचं काम उभ्यानं, आणि मी उभा राहायचो तो डाव्या पायाच्याच जिवावर.

मिस्त्रींनी आठवडाभर पेडल वापरलं आणि एका कोपऱ्यात सरकवलं. मालकांनी विचारलं तर म्हणाले, ‘टाकीखाली आडवं झोपून हे कशानं दाबू? आणि परांचीवर चढल्यावर?’ धडधाकट माणसालाही साइटवर पेडल कामाचं नाही, हे त्यांनी माझं नाव न घेता मालकांना पटवलं. मग मशीनसोबत आलेली पुस्तिका त्यांनी माझ्यापुढे टाकली. इंग्रजी मला थोडं यायचं, चित्रं दोघांनाही कळायची. टॉर्चवर बसवायचे हातानं चालणारे करंट कंट्रोल त्यात दाखवले होते. एक चाक अंगठ्यानं पुढे-मागे फिरणारं, दुसरं आडवं फिरणारं, एक पट्टीसारखं सरकणारं. तयार कंट्रोलची किंमत कळल्यावर मालक गप्प झाले. मिस्त्री म्हणाले, ‘करू की आपण. आधी कुठलं ते ठरवू.’

ते ठरवण्याची त्यांची रीत मी अजून विसरलेलो नाही. पत्र्यावर पेन्सिलनं सरळ रेघ ओढली. मशीन बंद ठेवून थंड टॉर्च माझ्या हातात दिली आणि सांगितलं की टंगस्टनचं टोक रेघेच्या वर दोन मिलिमीटर धर, पुढे सरकत जा, आणि सरकताना चाक फिरवतोयस असा अंगठा हलव. ते स्वतः वाकून टोकाकडे बघत होते. अंगठा आडवा हलला की मनगट नकळत वळायचं आणि टोक रेघ सोडून बाजूला जायचं. चालू कामात याचा अर्थ एकच: टंगस्टन रसात बुडणार, घासायला परत ग्राइंडरवर. अंगठा पुढे-मागे हलवला तर टोक रेघेवर राहायचं, पण कमी-जास्त उंच व्हायचं. उंची सांभाळणं सरावानं जमतं, बाजूला पळणं सरावानंही आवरत नाही, असा त्यांनी निकाल दिला. पट्टीचा प्रकार त्यांनी हातमोजा घालायला लावून बाद केला. मोज्यातल्या अंगठ्याला पट्टी कुठवर आली ते कळेना. तीच परीक्षा त्यांनी स्वतःच्या हातानं दिली नाही. म्हणाले, ‘माझा अंगठा वेगळा, तुझा वेगळा.’

मशीनला दहा किलोओहमचं पॉट, म्हणजे पोटेन्शिओमीटर, लागत होतं. राजारामपुरीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका होते, त्यांच्याकडून मिस्त्रींनी ट्रान्झिस्टरचा व्हॉल्यूम कंट्रोल आणला. जोडला, आर्क पाडला, तर अर्ध्या फेऱ्यापर्यंत करंट मुंगीच्या पावलानं चढला आणि नंतर एकदम भडकला. काका हसले. माणसाच्या कानाला आवाज जसा वाढलेला जाणवतो त्या बेतानं रेडिओचं पॉट केलेलं असतं; वेल्डिंगला समान चढणारं, लिनियर पाहिजे. त्यांनी डबा उपसून ‘बी१०के’ छापलेलं पॉट शोधून दिलं. त्याच्या खालच्या टोकाला एक छोटा रेझिस्टरही लावून दिला, म्हणजे चाक पार खाली आलं तरी आर्क विझणार नाही. माइकची जाळीवाली वायर वापरा, हेही त्यांनीच सांगितलं, कारण आर्क पेटवताना मशीन जी हाय फ्रिक्वेन्सी सोडतं ती साध्या वायरीत शिरून करंट नाचवते. पैसे घेतले फक्त पॉटचे.

शेजारच्या लेथवर नायलॉनचं चाक काढलं, कडेला नर्लिंग मारलं. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ते टॉर्चला आवळलं. टॉर्चचं मूळ बटण तर्जनीखाली तसंच ठेवलं, चाक अंगठ्याखाली आलं. पॉटच्या दोन टोकांच्या वायरी जोडण्याआधी मिस्त्रींनी मला डोळे मिटायला सांगितले. ‘आता वाढव,’ म्हणाले. माझा अंगठा पुढे गेला. त्यांनी वायरी तशा जोडल्या. उलट जोडल्या असत्या तर पुढे ढकलल्यावर करंट उतरला असता.

एक युक्ती मात्र पुस्तिकेतच होती आणि ती मी शोधली, याचा मिस्त्रींना माझ्याहून जास्त आनंद झाला. त्या मशीनवर पॅनेलवरचा आकडा म्हणजे हातातल्या चाकाची कमाल मर्यादा. पॅनेल दीडशेवर ठेवला तर चाक जरा हललं तरी दहा-वीस अँपिअरचा फरक. सत्तरवर ठेवला तर चाकाची पूर्ण फेरी सत्तरच्या आत वाटली जाते आणि अंगठ्याला दोन-चार अँपिअरही नेमके घेता येतात. ते ऐकून त्यांनी मालकांना मुद्दाम बोलावून माझ्याकडून पुन्हा सांगवलं. ‘पोरगं वाचतंय,’ म्हणाले.

त्यानंतर डेअरीच्या साइटवर मला त्यांनी भिंतीला पाठ टेकता येईल अशी जागा बघून उभं केलं आणि पहिला सांधा दिला. माझ्या मागे ते उभे होते, पण बोलले नाहीत. सांधा पुरा झाला, चाक मागे घेत करंट उतरवला, बटण सोडून आर्क विझवला, तरी टॉर्च हलवली नाही. वरून आर्गन थांबेपर्यंत तिथेच धरून ठेवली. ती सवय त्यांचीच. रंग फिका सोनेरी आला. त्यांनी बोट न लावता बघितला आणि चहा सांगितला.

पुढे वाचण्यात आलं की आर्गन वेल्डिंगची ही पद्धत १९४१ साली अमेरिकेत नॉर्थ्रप विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथनं मॅग्नेशियम जोडायला बसवली, आणि तेव्हा वायू हेलियम होता. मी मिस्त्रींना ते सांगायला गेलो. तोवर ते गावी शेतीवर गेले होते. लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, ‘त्याच्या नॉबवर कोण होतं?’

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांना गुरुदक्षिणा म्हणून काही देऊ शकलो नाही. एकदा धोतरजोडी नेली तर ती त्यांनी माझ्यासमोर सालगड्याला दिली. नॉबवरच्या पोराला वेल्डर होऊ देणारा मालक, पॉटचेच पैसे घेणारे काका, चाकाची मजुरी न मागणारा लेथवाला, यांची उधारी फेडायची म्हटली तर हिशेब कुठून सुरू करायचा हाच प्रश्न. आज गोकुळ शिरगावच्या माझ्या शेडमध्ये तयार कंट्रोल आहेत, चाकवाले आणि बटणवालेही. वर-खाली बटणांचा प्रकार मला पटलेला नाही. बटण टप्प्याटप्प्यानं चढतं, अंगठा तसा विचार करत नाही. ग्राइंडिंगची धूळ चाकाच्या पॉटमध्ये शिरते आणि करंट थरथरू लागतो, हे खरं. पण पॉट बदलता येतं.

तुमच्यापैकी कुणी आर्गनचं मशीन घेणार असाल तर दुकानदार अँपिअरचा मोठा आकडा दाखवील. तो नंतर बघा. आधी मशीनवर रिमोटचं सॉकेट आहे का, त्याला किती ओहमचं पॉट लागतं, आणि पॅनेलवरचा आकडा रिमोटची कमाल धरतो का, हे विचारा. आणि आयटीआयत वेल्डर ट्रेड चालवणाऱ्यांना विनंती: वर्कशॉपमध्ये एका तरी टॉर्चवर हाताचा कंट्रोल बसवून ठेवा. पाय अधू असलेला मुलगा किंवा मुलगी प्रवेशाला आली, तर अर्ज परत करण्याआधी ती टॉर्च हातात द्या.