कळ आणि कळफलक

तारेचे दिवस आता सरले. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, आणि ज्या शब्दाने एके काळी घरोघर धडकी भरत असे, तो ‘तार’ हा शब्द गोष्टींपुरता उरला. त्याच्याही आधी, १९९९ च्या फेब्रुवारीपासून, समुद्रावरील जहाजांच्या संकटकाळच्या हाका नव्या पद्धतीने, उपग्रहांच्या साह्याने जाऊ लागल्या होत्या. तेव्हा मोर्सची लिपी आता वस्तुसंग्रहालयात जाऊन बसली असेल, असे कोणासही वाटावे. परंतु रात्रीच्या वेळी लघुलहरींचा रेडिओ लावून सात मेगाहर्ट्झच्या आसपास काटा हळूहळू फिरविला, म्हणजे निराळाच प्रकार कानी पडतो. खरखरीतून एक बारीक शीळ वर येते. तुटते, लांबते, पुन्हा तुटते. कोणीतरी कोणाला तरी हाक घालीत असतो.

ही मंडळी म्हणजे हौशी बिनतारीवाले. त्यांना ‘हॅम’ असेही म्हणतात. ते सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवितात, स्वतःचे यंत्र मांडतात आणि जगभर गप्पा मारतात. त्याचा पगार नाही, की बक्षीस नाही. बोलण्याची सोय असताना ती सोडून टिंबे आणि रेघा कशाला, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर मोठे व्यवहारी आहे. माणसाचा आवाज पाठवावयाचा तर लहरींच्या पट्ट्यात तो चांगलीच ऐसपैस जागा व्यापतो. मोर्सच्या शिळेला त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी जागा पुरते. सारी शक्ती त्या चिंचोळ्या जागेत एकवटते. म्हणूनच पाच वॅटचा, म्हणजे घरातील लहान दिव्याएवढ्या शक्तीचा प्रेषकही अनुकूल रात्री समुद्रापलीकडे ऐकू जातो. मोठ्याने ओरडणाऱ्याचे शब्द गोंगाटात विरून जावेत आणि बारीक शीळ मात्र दूरवर पोहोचावी, तसाच हा प्रकार.

सॅम्युएल मोर्स याने २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला. त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याच्याबद्दल अशी हकीकत सांगतात, की तो एका छापखान्यात गेला आणि कोणत्या अक्षराचे खिळे किती आहेत, हे त्याने पाहिले. जे अक्षर वारंवार लागते, त्याला खूण लहान. म्हणूनच इंग्रजीतील ‘ई’ हे एकच टिंब आहे आणि ‘टी’ ही एकच रेघ. पुढे युरोपात या लिपीत पुष्कळ फेरफार झाले. पण ही दोन अक्षरे जागची हलली नाहीत.

लिपी म्हटली, तरी ती डोळ्यांची नव्हे, कानांची आहे. तिचे सारे व्याकरण वेळेचे आहे. टिंबाला जेवढा वेळ, त्याच्या तिप्पट रेघेला. एका अक्षरातील दोन खुणांमध्ये एका टिंबाएवढे मौन, दोन अक्षरांमध्ये तिनाएवढे, दोन शब्दांमध्ये सातांएवढे. मिनिटाला १२ शब्द या वेगाने टिंब सेकंदाच्या दहाव्या भागात संपते. २४ शब्दांना तेच विसाव्या भागात. मौन चुकले, तर अक्षर चुकते! शिकाऊ मुलाची अर्धी दमछाक आवाज काढताना नव्हे, तर गप्प राहताना होते.

साध्या कळीवर हे सगळे मनगटाने करावे लागे. माणसाचे मनगट काही घड्याळ नव्हे. कोणाची रेघ किंचित लांब, कोणाचे शेवटचे टिंब घाईचे, कोणी शब्दाआधी थबकणारा. त्यामुळे जसे हस्ताक्षर, तसा प्रत्येकाचा ‘हात’ ओळखू येई. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे बिनतारी संदेश ऐकत बसणाऱ्या ब्रिटिश मंडळींना मजकूर उलगडला नाही, तरी पाठविणारा कोण हे त्याच्या हातावरून समजे. आणि तो माणूस आज दुसऱ्या ठिकाणाहून बोलू लागला, म्हणजे त्याची तुकडी हलली, हेही कळे.

हात दुखू नये म्हणून माणसाने मग युक्त्या काढल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी स्प्रिंगेवर थरथरून टिंबे आपोआप पाडणारी कळ निघाली. पुढे विजेवर चालणारी दोन पात्यांची कळ आली. तिचे एक पाते अंगठ्याने दाबले की टिंबे, दुसरे तर्जनीने दाबले की रेघा. दोन्ही चिमटीत धरली, तर आळीपाळीने दोन्ही. ‘सी’ हे अक्षर म्हणजे रेघ, टिंब, रेघ, टिंब. साध्या कळीवर त्याला चार ठोके लागतात. येथे तर्जनी अंमळ आधी टेकवून चिमटी दाबली, की काम झाले. आणि आता या परंपरेच्या शेवटी संगणक येऊन उभा राहिला आहे. कळफलकावर अक्षर दाबावे, आणि त्याची टिंबे-रेघा होऊन ते आकाशात जावे.

यात एक गंमत आहे. एवढा हुशार संगणक, पण टिंबाएवढा वेळ नेमका मोजण्यात तो कच्चा ठरतो. कारण एकाच वेळी तो शंभर कामे करीत असतो: पडद्यावर चित्र काढतो, फाइल जपून ठेवतो, कोणी काही मागितले तर तिकडे धावतो. एकटा दुकानदार दहा गिऱ्हाइके सांभाळीत असावा आणि त्यालाच गाण्याला ताल धरावयास सांगावे, तशातली गत. ताल मधूनच चुकतो. म्हणून संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये एक लहानशी डबी ठेवतात. ‘विनकीअर’ हे तिच्यातलेच एक प्रसिद्ध नाव. संगणक तिला नुसती अक्षरे देतो. ती त्यांना रांगेत उभे करते आणि ताल मात्र स्वतः धरते. तिला दुसरे कामच नाही, म्हणून तो चुकत नाही.

ही डबी रेडिओच्या कळीच्या खोबणीत दोन तारांनी जोडतात. मध्ये एक इवलासा भाग असतो, तो वीज इकडून तिकडे जाऊ देत नाही. केवळ प्रकाशाची खूण पलीकडे पोहोचवितो. तो असावाच. काही जुन्या प्रेषकांत कळीच्या टोकांवर एवढा विद्युद्दाब असतो, की संगणकाचे नाजूक अंग त्याने जळून जाईल.

आता ज्याला ही डबी मिळाली, त्या नवशिक्याची कल्पना करावी. काल त्याला मिनिटाला सहा शब्द पाठविताना घाम फुटत होता. आज तो वेग २५ वर ठेवतो आणि हाक टंकित करतो. घडीव, सुबक, एकही टिंब वाकडे नाही असा संदेश जातो. दूरवर कोणी तो ऐकतो, मनात म्हणतो, “हा कसलेला दिसतो,” आणि आनंदाने त्याच २५ च्या वेगाने उत्तर देतो. आणि इकडे हा पेन्सिल हातात धरून बसलेला! शिळेचा ओघ कानांवरून वाहून जातो. कागदावर मोजून दोन अक्षरे. डबीने त्याला जीभ दिली, कान दिले नाहीत.

ऐकून अक्षरे लिहून देणारे संगणकाचे कार्यक्रमही आहेत, हे खरे. स्वच्छ संदेश ते चटकन लिहितात. पण शीळ मावळू लागली, वरून विजेचा कडकडाट झाला, शेजारी दुसरा स्टेशनवाला बोलू लागला किंवा पाठविणाऱ्याचा हात थोडा डगमगला, की पडद्यावर भलभलती अक्षरे उमटू लागतात. मुरलेला कान तेवढ्यातूनही नाव आणि गाव वेचून घेतो. त्या नवशिक्याला खरोखर उपयोगी पडतात ती तीनच अक्षरे: ‘क्यूआरएस’, म्हणजे ‘कृपया सावकाश’. ती पाठविण्यात कसलाही कमीपणा नाही. पूर्वीच्या तारमास्तरांपासून चालत आलेली रीतच अशी, की समोरच्याला झेपेल तेवढ्याच वेगाने बोलावे.

काही जुन्या मंडळींना ही डबी मुळीच आवडत नाही. हाताची कला गेली, असे ते म्हणतात. त्यांचे दुःख खोटे नव्हे. तथापि वयाने ज्याची बोटे कापू लागली आहेत, त्या वृद्धाला तीच डबी मित्रांच्या मेळ्यात पुन्हा आणून बसविते, ही गोष्टही विसरता येत नाही. डबी करणाऱ्यांनी मात्र एक शहाणपणाची व्यवस्था ठेवली आहे. कळफलकावरून मजकूर जात असताना माणसाने दोन पात्यांच्या कळीला नुसते बोट लावले, तरी डबी रांगेतली उरलेली अक्षरे टाकून देते आणि हाताला वाट करून देते.

आणि वर्षातून एक दिवस तीही बाजूला ठेवली जाते. अमेरिकेतील हौशी बिनतारीवाल्यांच्या संघाच्या प्रथेनुसार जागतिक वेळेच्या १ जानेवारीला अनेकजण साधी कळ बाहेर काढतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्या दिवशी लहरींवर पुन्हा कोणाची रेघ लांबते, कोणाचे टिंब अडखळते, कोणी शब्दाआधी थबकतो. आणि दूर कोणीतरी नाव येण्याआधीच ओळखतो, की हा अमक्याचा हात.