कंडेन्सरची धार

सेंद्रिय संश्लेषणात चंबूत सर्वांत जास्त भरते ते बहुधा द्रावक, आणि अभिक्रिया संपल्यावर सर्वांत मोठा कचराही त्याचाच. १९९८मध्ये अनास्तास आणि वॉर्नर यांनी मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांपैकी पाचवे याच विषयावर आहे.

नांदेड-लातूरकडे द्रावकाची निवड उन्हापासून सुरू होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो; ईथर ३५ अंशांना, डायक्लोरोमीथेन ४० अंशांना उकळते. बूच काढताच वाफ अंगावर येते. बेंझिन कर्करोगकारक, हेक्झेन मज्जातंतूंना घातक; त्याऐवजी हेप्टेन बरे. एथिल ॲसिटेट आणि इथेनॉल ७७-७८ अंशांपर्यंत टिकतात, पेट मात्र तेही घेतात. ईथरच्या जागी २-मिथाइल टीएचएफ चालते. ते फरफ्युरलपासून बनते आणि फरफ्युरल उसाच्या चिपाडापासून. ऊस पिकवणाऱ्या मुलखाला हे द्रावक जवळचे वाटावे.

सर्वांत निर्धोक पाणी. पण एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तिथे द्रावकाची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या रबरी नळीतून सिंकमध्ये पडणारी बारीक धार डोळ्यांत सलते. मिनिटाला अर्धा लिटर धरले तरी आठ तासांत २४० लिटर, आणि चंबूत जेमतेम ५० मिलिलिटर! द्रावकाच्या हिशेबात ही धार सहसा धरली जात नाही. ती धरायलाच हवी. बादली आणि छोटा पंप लावला की तेच पाणी फिरत राहते. उकळबिंदू पुरेसा उंच असेल तर नुसता हवेचा कंडेन्सरही पुरतो.